शंभूचे श्रोते

या, असे पुढे सरकून बसा. दाराशी कशाला? आपल्यात लाजायचं काय आहे? माझ्या डाव्या हाताची एवढी जागा मात्र मोकळी सोडा, का ते शेवटी कळेल. कीर्तन ऐकता ऐकता माझं अर्धं आयुष्य गेलं, आणि देवाच्या दयेनं उरलेलंही तसंच जावो. पण आज सांगणार आहे ती कथा पोथीतली नाही. आमच्याच डोंगरावरची आहे, गेल्या काजूच्या हंगामातली. ज्याच्यावर बेतली त्यानंच ती मला सांगितली. त्यानं एक शब्द वाढवला नाही आणि मीही वाढवणार नाही.

आमचा गाव डिचोली तालुक्यात, दोडामार्गाच्या वाटेवर. खाली माडांची भाटं, मध्ये देऊळ, वर काजूचा डोंगर. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला खाणीचा जुना खड्डा आहे. खाण कधीचीच थांबली, खड्डा राहिला. त्यात हिरवं पाणी आहे, पण ते जनावर पीत नाही. डोंगरावर पूर्वी पाच झरी होत्या. खड्डा खोल गेला तशी एकेक आटत गेली. गेल्या वर्षी माघातच असं ऊन पडलं, की सुरंगीच्या निम्म्या कळ्या झाडावरच करपल्या. फेब्रुवारी सरता सरता पाचातली एकच झर उरली, मारुतीच्या दगडाजवळची. तिची धार करंगळीएवढी.

कृष्णनाथबाब या गावचे कीर्तनकार. प्राथमिक शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. भुताखेतांवर विश्वास नाही. देवावर आहे, पण तोही हिशेबी. आवाज खणखणीत, पाठांतर चोख, संस्कृत श्लोक असे म्हणत की एक मात्रा हलायची नाही. त्यांच्यामागे अठरा वर्षं झांज धरून उभा राहायचा तो शंभू. ध्रुपद उचलून धरणं एवढंच त्याचं काम. तो निरक्षर, आवाज फुटक्या घागरीसारखा. हंगाम आला की झांज देवळात ठेवून तो डोंगरावर काजू राखायला जायचा, दिवसभर बोंडू, म्हणजे काजूची फळं, गोळा करायचा आणि दुपारी मारुतीच्या दगडापाशी टेकायचा.

त्या वर्षी देवळात माणसं कमी होत चालली होती. कृष्णनाथबाब उभे राहिले की समोर सतरा-अठरा डोकी. त्यातली चार मोबाइलमध्ये. पूर्वरंग संपल्यावर कीर्तनकाराला बुक्का लावून हार घालायची पद्धत. लागोपाठ तीन सोमवार हार आणायलाच कुणी विसरलं. पद्मावतीकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, घरी विचारलं, "हार खंय?" तर म्हणाले, "देवाक घालून इलंय."

आणि त्याच आठवड्यात बाजारात कुणीतरी हसत म्हणालं, "बाबानूं, तुमचो शंभू थंय डोंगरार कीर्तन करता. माकडां ऐकूक बसतत म्हणे!"

कृष्णनाथबाब हसले. दुसऱ्या दिवशी दुपारी काठी घेऊन डोंगर चढले.

काजूखाली वाळलेल्या पानांचा ढोपरभर थर होता. पाऊल टाकलं की चरचर असा आवाज, शंभर पावलांवरूनही ऐकू जाईल असा. पिकल्या बोंडवांचा आंबूस वास. झरीच्या वळणावर ते थांबले.

शंभू मारुतीशेजारच्या एका दगडावर बसला होता. झांज नव्हती; एका हातानं मांडीवर ठेका आणि दुसरा हात कानावर. स्वतःच जुळवलेली एकच ओळ तो फिरवून फिरवून म्हणत होता:

*तहान तुझी, पाणी तुझे, मी नुसता पाट.*

आणि समोर बसले होते वानर. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे. त्यांच्यामागे लाल तोंडाची माकडं, जी एरवी वानरांच्या वाऱ्यालाही उभी राहत नाहीत. रांगेनं बसलेली. पोरं आयांच्या पोटाशी. सगळी रोडावलेली, बरगड्या मोजता याव्यात अशी, काहींच्या कानामागचे केस झडलेले. पण कुणी खाजवत नव्हतं, कुणी भांडत नव्हतं. शाळामास्तराची सवय सुटते थोडीच? बाबांनी मोजलं. त्रेसष्ट.

"येवा बाबा, बसा," शंभूनं हाक मारली. "सोमवारी देवळात किती जाणां होती?"

"सतरा."

"हंय बघा. आणि उठान कोण जायत नाय."

तो चेष्टेनं बोलला. त्याच्या पोटात पाप नव्हतं.

"तेंका काय समाजता रे?" बाब म्हणाले. "पाण्यासाठी येतत ती."

"लोकय प्रसादासाठीच येतत मा, बाबा."

काजूच्या सालीचं तेल हाताला लागलं तर तेव्हा कळत नाही. माणूस हात पुसतो, जेवतो, झोपतो. दुसऱ्या दिवशी कातडी सुटू लागते. बाबांचं तसं झालं. त्या रात्री जेवताना कृष्णनाथबाब काकूंना एवढंच म्हणाले, "शंभूचो आवाज कसो आसा? खरां सांग." काकू म्हणाल्या, "फुटको. पण गोड लागता." बाबांनी भात तसाच ठेवला.

पुढच्या बुधवारी सिद्धी आली. ती जनावरांची सरकारी डॉक्टर. पेडण्याची मुलगी, मोटारसायकल स्वतः चालवत यायची, आणि गावात सगळी तिला दोतोरबाय म्हणत. ती सरळ कृष्णनाथबाबांच्या घरी आली, कारण गाव त्यांचं ऐकतो. खिडकीजवळच्या बाकावर बसून, चहा घेत तिनं सगळं समजावलं.

"सत्तरी तालुक्यात माकडतापानं माकडं मरतायत, बाब. तोच ताप इकडे सरकतोय. उन्हानं जनावर आधीच खचलेलं आहे, पोटात धड काही नाही. एरवी पाच टोळ्या पाच झरींवर असतात. आता पाचही एकाच झरीवर. एकाच्या अंगावरचा गोचीड दुसऱ्याच्या अंगावर जातो. अंगात जोर असता तर कदाचित सोसलं असतं. आता एक पडलं की रांगच लागते."

"आणि माणसाक?"

"तोच गोचीड चावला की माणसालाही. त्याची पिल्लं बुक्क्याच्या कणाएवढी असतात, दिसतसुद्धा नाहीत. माकड मेलं, अंग थंड पडलं, की ते सगळे बाहेर निघतात, नवं अंग शोधायला. म्हणून मेलेल्या माकडाला कुणीही हात लावायचा नाही. आधी मला फोन."

तिनं मेजावर औषधी तेलाच्या दोन बाटल्या ठेवल्या. "एक तुमची. एक त्या शंभूची, डोंगरावर असतो त्याची. त्याला तिथं फोन लागत नाही. त्याला सांगा, हातापायांना चोळल्याशिवाय पानात पाय ठेवू नको. आणि माकडांना जवळ जमवू नको. आजच सांगाल ना?"

"आजच," बाब म्हणाले.

आणि खरंच, त्याच दुपारी ते निघाले. पिशवीत शंभूची बाटली. स्वतःच्या पायांना तेल लावलेलं. मनात वाक्य तयार.

वळणावर आले तेव्हा शंभूचं गाणं नुकतं थांबलं होतं. शंभूची बायको रुक्मिणी त्याच्याबरोबर रोज सुरंगीचा वळेसर, म्हणजे फुलांची माळ, द्यायची, मारुतीसाठी. पहिल्या रांगेतून एक म्हातारी वानरी उठली. तिचा एक कान फाटलेला. ती मारुतीजवळ गेली, त्याच्या अंगावरचा वळेसर तिनं दोन्ही हातांनी काढला, हुंगला आणि शंभूच्या मांडीवर ठेवला. मग मागे सरत जागेवर जाऊन बसली.

शंभूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"बघितल्यात, बाबा?" तो म्हणाला. "मदल्या वेळचो हार!"

कृष्णनाथबाबांनी तोंड उघडलं होतं. वाक्य जिभेवर होतं.

"तुमी कित्या इल्ल्यात? काय काम होतां?"

"काय नाय," बाब म्हणाले. "असोच इलंय."

ते खाली उतरले. बाटली कपाटात ठेवली, चिपळ्यांच्या मागे. उद्या सांगू, म्हणाले मनाशी. उद्या बाजार होता. परवा संकष्टी. त्यांनी मला सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मी विसरलो नव्हतो. रोज कपाट उघडायचो तेव्हा ती बाटली दिसायची. मला वाटायचं, एकदा त्याला ताप येऊ दे. बसू दे चार दिवस घरी. तेवढेच दिवस मी वर जाऊन गाईन." मरण त्यांच्या मनात नव्हतं. मत्सराला एवढं लांबचं दिसत नाही.

सातव्या दिवशी सकाळी शंभू देवळात आला. उघडा, घामाघूम.

"म्हातारी गेली, बाबा. बसल्या जाग्यार, मारुतीकडे तोंड करून. तुमच्याशिवाय कोण म्हणतलो शेवटचां भजन?"

आमच्याकडे मेलेलं वानर कुणी उघड्यावर टाकत नाही. ते मारुतीचं माणूस. त्याला न्हाऊ घालायचं, नवं फडकं, हार, बुक्का, आणि भजन म्हणत माती द्यायची. आजोबा-पणजोबांपासूनची रीत आहे. ती भक्तीची आहे, आणि भक्तीत चूक असेल असं कुणाच्या मनात येत नाही.

कृष्णनाथबाब घरी गेले. कपाट उघडलं. स्वतःच्या बाटलीतलं तेल पायांना चोळलं, पोटऱ्यांना, कोपरापर्यंत हातांना. दुसऱ्या बाटलीला हात लावला नाही. मग वीणा घेऊन निघाले.

झरीपाशी दहा-बारा माणसं होती. शंभूनं म्हातारीला मांडीवर घेतलं होतं, लेकराला घ्यावं तसं, आणि ओंजळीनं पाणी घालत होता. फाटका कान त्यानं बोटांनी साफ केला. कपाळाला बुक्का लावला. बाब दहा पावलांवर, उघड्या खडकावर उभे राहिले.

"जवळ येवा मा, बाबा!"

"हंयसूनच बरो आवाज लागता."

त्यांनी गायला सुरुवात केली. गाता गाता ते बघत होते. शंभूच्या हातांवर, छातीवर, गळ्याशी काळे कण पडले होते.

"बुक्को सांडलो," शंभू म्हणाला आणि त्यानं हातानं झाडलं.

सगळाच बुक्का नव्हता. दहा पावलांवरून विज्ञानाच्या मास्तरांना ते कळलं. त्यांनी सूर सोडला नाही.

आठव्या दिवशी शंभूला ताप भरला. आणखी दोघांना भरला, ते बरे झाले. शंभूच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं तेव्हा गाडी बोलावली. आधी वाळपईच्या दवाखान्यात, तिथून पुढे मोठ्या इस्पितळात. गाडीत घालताना कृष्णनाथबाब जवळ गेले. शंभूचे डोळे लाल झाले होते, पण ओळख होती.

"माझी जागा झाडून ठेवा, बाबा," तो म्हणाला. "ती येतली."

पाच दिवसांनी रुक्मिणी एकटी परत आली.

सिद्धी आणि तिची माणसं डोंगरावर पंधरवडाभर होती. पांढरे अंगरखे, पंप, पावडर. पानांत, फांद्यांवर, कोरड्या झरींच्या कुंड्यांत माकडं मरून पडली होती. त्यांनी ती जाळली. जाताना सिद्धी बाबांच्या घरी आली. चहा घेतला नाही.

"आता त्या डोंगरावर एकही माकड नाही, बाब. झरसुद्धा आटली." मग म्हणाली, "शंभूला तेल दिलं होतं ना?"

"दिलं होतं," बाब म्हणाले.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ते झाडू घेऊन वर गेले. शब्द दिला नव्हता, पण मेलेल्या माणसानं सांगितलेलं काम. दुपारचे बारा वाजून गेलेले. बोंडू झाडाखालीच कुजत होते; हंगाम कुणी उचलला नव्हता. पक्षी नाही, किडा नाही. त्यांनी शंभूचा दगड झाडला. समोरची जागा झाडली. पानांचे दोन ढीग केले, घाम पुसला आणि निघायला वळले.

आणि मग, देवा, माणसाचं मन कसं असतं बघा. त्यांना वाटलं, आता कुणी नाही. एक पद म्हणून बघूया. इथं आवाज कसा लागतो ते तरी कळेल.

ते शंभूच्या दगडाच्या उजवीकडे उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटून नमन धरलं. आवाज लागला. असा कधी लागला नव्हता. डोंगरानं तो उचलून परत दिला.

डोळे उघडले तेव्हा समोर श्रोते बसले होते.

पुढे वानर. मागे लाल तोंडाची. पोरं आयांच्या पोटाशी.

चारी बाजूंना ढोपरभर वाळलेली पानं होती. एकही वाजलं नव्हतं.

बाबांनी मोजलं. त्रेसष्ट. पहिल्या रांगेत फाटक्या कानाची म्हातारी.

भीती वाटली का, मी विचारलं. ते म्हणाले, "नाही. आधी राग आला. ती माझ्याकडे बघत नव्हती."

सगळ्यांची तोंडं बाबांच्या डावीकडे होती. शंभूच्या रिकाम्या दगडाकडे.

बाब गायले. पूर्वरंग सोडून सरळ आख्यानाला हात घातला. तीस वर्षांचं पाठांतर ओतलं. ताना घेतल्या. टिपेला गेले. नाचले.

एक मान वळली नाही.

शेवटी त्यांनी शंभूची ओळ म्हटली. *तहान तुझी, पाणी तुझे.* सगळी दगडाकडे थोडी पुढे झुकली, जणू तिथूनच ऐकू आलं.

तेव्हा बाबांचा आवाज फुटला. गाणं सुटलं. साध्या बोलण्यात, धापा टाकत, ते म्हणाले, "मी सांगूक इलेलंय. बाटली पिशयेत होती. सांगलंय नाय."

त्रेसष्ट माना वळल्या. एकदम.

पान वाजलं नाही.

म्हातारी उठली. हळूहळू चालत जवळ आली. ती बाजूच्या खडकावर चढली, तेव्हा तिचं तोंड त्यांच्या तोंडासमोर आलं. तिनं एक बोट त्यांच्या कपाळाला लावलं.

बोट झरीच्या पाण्यासारखं गार होतं.

ते घरी कसे आले त्यांना आठवत नाही. दारात काकू म्हणाल्या, "आज कीर्तन खंय होतां? बुक्को कोणी लावलो?"

बाब आरशापाशी धावले. भुवयांच्या मध्ये काळा ठिपका. हात लावायचं धाडस होईना. काकूंनी वाचायचं भिंग आणलं आणि कितीतरी वेळ तो ठिपका हलतो का ते दोघं बघत राहिली. हलला नाही. बुक्काच होता. वास यायचा, चांगला, देवळातला. घरातली बुक्क्याची डबी महिनाभर कुणी उघडली नव्हती.

त्याच संध्याकाळी ते रुक्मिणीच्या घरी गेले आणि बाटली तिच्या पुढ्यात ठेवून सगळं सांगितलं. रुक्मिणीनं बाटली उचलून उजेडात धरली. गळ्यापर्यंत भरलेली.

"कीर्तन सोडूं नकात," ती म्हणाली. "तुमका तां सोडूक मेळाचां नाय. उभे रवा, आणि तेचा नाव घेयत रवा."

दुसऱ्या दिवशी बाबांनी सिद्धीला फोन केला. काय बोलले ते मला ठाऊक नाही. पण आता मेलेलं माकड दिसलं तर आमच्या गावात कुणी हात लावत नाही. लांबून हात जोडतात आणि फोन करतात. कीर्तनाच्या आधी बाब स्वतः ते सांगतात, दर सोमवारी.

हो, बाब अजून गातात. पूर्वीपेक्षा चांगलं. देऊळ भरतं; साखळी-डिचोलीहूनही माणसं येतात. त्यांच्या डाव्या हाताला एक रिकामं आसन आणि त्यावर झांज ठेवलेली असते. मध्ये हार आला की ते तो स्वतःच्या गळ्यात घालू देत नाहीत, त्या आसनावर ठेवतात.

परवाच्या सोमवारी मी मुद्दाम पुढे बसलो होतो. म्हटलं, आज आख्यानभर बाबांच्या तोंडाकडे बघायचं, त्यांना काय वाटतं ते ताडायचं. आरती झाली, उठायला गेलो, तर मान अवघडली होती. उजवीकडे, त्या रिकाम्या आसनाकडे. शेजारी वाळपईहून पहिल्यांदाच आलेले एक गृहस्थ बसले होते, शंभू कोण हे त्यांना ठाऊक असायचं कारण नाही. तेही आपली मान चोळत होते. मागे वळून पाहिलं, तर सगळं देऊळच.

बाब आमच्याकडे बघत होते. त्यांना सवय झाली आहे.

तुम्ही कधी आलात आमच्याकडे कीर्तनाला, तर या, पुढे बसा, लाजू नका. मान वळली तर वळू द्या. फक्त त्या वेळी मनात एकदा शंभूचं नाव घ्या. फुटका आवाज होता त्याचा, पण गोड लागायचा.